लंडनमध्ये फोन हिसकावला, तर घरच्यांनी बेळगावात काय करायचं?

शिकायला, नोकरीला किंवा मुलाकडं राहायला इंग्लंडला जाणं आता आपल्या भागात नवलाचं राहिलेलं नाही. बेळगाव-खानापूरकडची पोरं मास्टर्सला जातात. गोव्यातली कित्येक कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर जाऊन स्विंडनसारख्या गावात स्थायिक झालीत. इंदूर-बडोद्याचे आजी-आजोबा नातवंडांसाठी महिनोन्‌महिने राहून येतात. निघताना भाजणीचं पीठ, लोणचं, औषधं, स्वेटर अशी सगळी यादी होते. फोन चोरीला गेला तर काय, याची यादी मात्र फार थोड्या घरांत होते.

फोन जातो तेव्हा नुसता साठ-सत्तर हजारांचा ऐवज जात नाही. त्यात आपला भारतातला नंबर असतो. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, यूपीआय त्याच नंबरवर, आधार त्यालाच जोडलेलं, व्हॉट्सअॅपही त्यावरच. हा नंबर बंद करणं आणि परत मिळवणं, ही कामं लंडनमध्ये बसून करताना नाकी नऊ येतात. ती इथून, घरून लवकर होतात. म्हणून ही माहिती जाणाऱ्याला जितकी उपयोगाची, तितकीच मागं राहणाऱ्या आई-वडिलांना आणि भावंडांना.

हिसकावतात कसे?

लंडनमध्ये खिसेकापू आहेतच, पण गेल्या काही वर्षांत जास्त त्रास आहे तो हातातला फोन ओढून नेणाऱ्यांचा. इलेक्ट्रिक सायकलवर किंवा मोपेडवर तोंड झाकलेला चोरटा फुटपाथला खेटून येतो आणि नकाशा बघत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून फोन उचलून पुढं निघून जातो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड स्ट्रीट अशा पर्यटकांच्या गर्दीच्या भागात हे प्रकार जास्त होतात.

खिशातला फोन लॉक असतो, हातातला उघडा असतो. चोरट्याला उघडाच फोन हवा असतो. तो स्क्रीन बंद होऊ देत नाही. त्या काही मिनिटांत ई-मेल, मेसेज, फोटोत ठेवलेला पासपोर्ट आणि आधारचा फोटो, नोट्समध्ये लिहून ठेवलेले पासवर्ड, सगळं त्याच्यापुढं उघडं पडतं.

दुसरी पद्धत जास्त शांतपणे चालते. हॉटेलात, स्टेशनवर कुणीतरी खांद्यावरून डोकावून तुमचा पासकोड बघून ठेवतो, आणि फोन नंतर जातो. अशा वेळी फोन लॉक असला तरी उपयोग नसतो, कारण किल्लीही त्याच्याकडंच असते.

फोन पुढं जातो कुठं?

डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, लंडनमधल्या एका माणसानं आपला चोरीला गेलेला आयफोन नकाशावर शोधला. तो हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामात दिसत होता. तिथं एका खोक्यात त्याचा फोन सापडला, आणि त्याच खोक्यात आणखी ८९४ फोन होते. माल हाँगकाँगला निघाला होता. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी त्यावरून ‘ऑपरेशन एकोस्टीप’ नावाचा तपास सुरू केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की या एका टोळीनं वर्षभरात ४० हजारांपर्यंत चोरीचे फोन ब्रिटनमधून चीनला पाठवले असावेत असा संशय आहे.

चीनलाच का? प्रत्येक मोबाईलला आयएमईआय नावाचा १५ अंकी क्रमांक असतो. चोरीची तक्रार झाली की ब्रिटनमधल्या मोबाईल कंपन्या तो क्रमांक काळ्या यादीत टाकतात, मग त्या देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो फोन चालत नाही. पण ही यादी जगभर सारखी पाळली जात नाही. चीनमधल्या नेटवर्कवर असा फोन चालून जातो. तोही नाही जमला तर स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी सुटे करून विकतात. शेनझेन शहरातला ह्वाचियांगबे हा बाजार जुन्या फोनच्या आणि सुट्या भागांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

आपल्याकडं केंद्र सरकारचं ‘संचार साथी’ पोर्टल १६ मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. त्यावर तक्रार केली की फोनचा आयएमईआय ब्लॉक होतो, पण भारतातल्या नेटवर्कवर. लंडनमध्ये गेलेला फोन शेनझेनला पोचला, तर या ब्लॉकचा त्याला काही फरक पडत नाही.

म्हणजे फोन परत मिळेल ही आशा फार धरू नये. नकाशावर ठिपका दिसतोय म्हणून एकट्यानं त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावणं तर अजिबात नको. ठिपक्याचा स्क्रीनशॉट पोलिसांना द्या आणि तुमचा वेळ नंबर आणि बँक वाचवण्यासाठी वापरा.

कव्हरात कार्ड ठेवणाऱ्यांनी हे वाचाच

फोनच्या कव्हरात डेबिट कार्ड आणि दोन नोटा ठेवायची सवय आपल्याकडं घरोघरी आहे. परदेशात ती महागात पडते. कार्ड टॅप करून ठरावीक रकमेपर्यंत पिनशिवाय खरेदी होते, हा झाला साधा धोका.

मोठा धोका वेगळाच आहे. यूपीआयचा पिन विसरला तर नवा कसा करतात ते आठवा. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि नंबरवर आलेला ओटीपी. काही बँका वर एटीएमचा पिनही विचारतात, पण मुख्य आधार या तीन गोष्टींचा. उघडा फोन, त्यात सिम आणि कव्हरात कार्ड, एवढं एकत्र मिळालं तर चोरट्याच्या हातात तिन्ही आल्या.

सिमचंही तसंच. फोन लॉक असला तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिथं येऊ लागतात. याला उपाय आहे सिमचा पिन. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक चालू केलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये गेल्यावर चार अंकी पिन मागतं. मात्र हे करण्याआधी कंपनीचा मूळ पिन विचारून घ्या. अंदाजे टाकू नका, तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके नावाचा आठ अंकी क्रमांक लागतो. ई-सिम असेल तर ते काढून दुसरीकडं घालताच येत नाही, त्यामुळं प्रवासापुरतं ते जास्त सुरक्षित.

पहिला तास: कामांचा क्रम

समजा, जुलै महिना आहे. लंडनमध्ये रात्रीचे नऊ वाजलेत आणि फोन गेला. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे बेळगावात रात्रीचा दीड वाजलाय. घरात सगळे झोपलेत.

*पहिलं काम, घरी फोन.* हॉटेलचं रिसेप्शन, विद्यापीठातला सुरक्षारक्षक, ओळखीचं दुकान, जिथून मिळेल तिथून फोन करा. भारतासाठी आधी ००९१, मग दहा अंकी नंबर. निदान एक नंबर तोंडपाठ हवा. आपल्यापैकी किती जणांना बायकोचा, नवऱ्याचा नंबर पाठ असतो? अनोळखी माणसाच्या फोनवरून फक्त घरी बोला. त्यावर बँकेचा किंवा ई-मेलचा पासवर्ड टाकू नका.

*दुसरं काम, फोन दुरून लॉक करणं.* हे घरच्या माणसानंही करता येतं. आयफोन असेल तर आयक्लाउडच्या ‘फाइंड डिव्हाइसेस’ पानावर अॅपल खात्याचा ई-मेल आणि पासवर्ड टाकून ‘लॉस्ट’ चालू करायचं. या पानासाठी फोनवर येणारा कोड लागत नाही. अँड्रॉइड असेल तर गूगलच्या ‘रिमोट लॉक’ पानावर मोबाईल नंबर टाकून स्क्रीन लॉक करता येते, मात्र ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये आधीपासून चालू असली पाहिजे.

*तिसरं काम, सिम बंद करणं.* हा क्रम मुद्दाम असा आहे. सिम आधी बंद केलं तर फोनचं इंटरनेट तुटण्याची शक्यता असते, आणि लॉकचा हुकूम फोनपर्यंत पोचत नाही. म्हणून लॉक आधी, सिम नंतर. पण लॉक होत नाही म्हणून तासभर अडून बसू नका. दहा-पंधरा मिनिटांत जमलं नाही तर सिम बंद करून मोकळे व्हा.

‘सिम बंद केलं तर मला ओटीपी कसा येणार?’ असं वाटून बरेच जण थांबतात. पण फोनच हातात नाही तर ओटीपी तसाही तुम्हाला येणार नाही. तो येणार चोरट्याला.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये दोन सिम असतात. एक तिथलं, रोजच्या वापराचं, आणि दुसरं भारतातलं, फक्त ओटीपीसाठी जिवंत ठेवलेलं. दोन्ही बंद करा. तिथल्या कंपनीला आयएमईआय ब्लॉक करायलाही सांगा.

*चौथं काम, बँक.* कार्ड बंद, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद. कार्डावरचा १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही, त्यासाठी बँकेचा +९१ ने सुरू होणारा वेगळा नंबर असतो. घरून मात्र टोल-फ्री लागतो. खातं सहकारी बँकेत असेल तर कार्ड रात्री-अपरात्री कुणाला सांगून बंद करायचं, हे जाण्याआधी शाखेत विचारून ठेवा. अनेक घरांचं मुख्य खातं अशाच बँकेत असतं, म्हणून ही चौकशी टाळू नका.

*पाचवं काम, व्हॉट्सअॅप.* सिम बंद झालं तरी व्हॉट्सअॅप वायफायवर चालू राहतं. उघडा फोन हातात असेल तर चोरटा तुमच्याच नावानं आईला ‘अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असं लिहू शकतो, आणि नंबर खराच असल्यानं आईला संशयही येत नाही. म्हणून घरच्या ग्रुपवर आणि नातेवाइकांना आधी निरोप द्या: अमुकचा फोन चोरीला गेलाय, त्या नंबरवरून आलेल्या कुठल्याही मेसेजला उत्तर देऊ नका. व्हॉट्सअॅपच्या मदत केंद्राला ई-मेल करून खातं तात्पुरतं बंद करता येतं. नवं सिम मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत पुन्हा चालू करायचं, नाहीतर खातं पुसलं जातं.

*सहावं काम, पोलिस.* मारहाण झाली असेल, धोका असेल तर ९९९. नाहीतर १०१ वर किंवा मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा जो क्राइम रेफरन्स नंबर मिळतो तो जपून ठेवा. विमा कंपनी पहिल्यांदा तोच मागते. प्रवास विम्यात मोबाईल धरलाय का, हे पॉलिसीत आधी वाचून बघा. कित्येक पॉलिसींत तो वगळलेला असतो किंवा त्याला अगदी थोडी रक्कम असते.

सिम कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण गाडी इथंच अडते. डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळतं, तेही ओळख पटवून. आपल्याकडं कितीतरी मुलांची सिमं कॉलेजच्या पहिल्या वर्षी वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर घेतलेली असतात. तसं असेल तर वडील आधार घेऊन दुकानात जाऊ शकतात. मुलीच्याच नावावर असेल आणि ती लंडनमध्ये असेल, तर वडिलांना दुकानातून हात हलवत परत यावं लागेल. अशा वेळी कंपनी काय मागते, पत्र चालतं का, ई-सिम परदेशातून सुरू होतं का, हे निघण्याआधी आपल्या कंपनीच्या दुकानात विचारून घ्या.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. मोबाईल कंपन्यांचे सर्कल राज्यांप्रमाणं पडलेत. बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटक सर्कलमध्ये. गोवा महाराष्ट्राबरोबर एकाच सर्कलमध्ये. हैदराबाद, इंदूर, बडोदा यांचे आणखी वेगळे. चंदगड किंवा शिनोळीला घेतलेलं सिम वर्षानुवर्षं बेळगावात वापरणारे लोक कमी नाहीत. रोज वापरताना याचा काही फरक पडत नाही, पण डुप्लिकेट सिम घ्यायला गेल्यावर ‘हा नंबर कुठल्या सर्कलचा?’ हा प्रश्न येऊ शकतो. तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं सिम कुणाच्या नावावर आणि कुठल्या सर्कलचं, हे एकदा लिहून ठेवा.

आणखी एक नियम माहीत असावा. डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फसवणुकीनं सिम बदलून कुणी ओटीपी पळवू नये म्हणून दूरसंचार विभागानं ही अट घातलीय. म्हणजे सिम मिळालं तरी एक दिवस ओटीपीविना काढायचा आहे. हे माहीत नसलं की माणूस रात्रभर फोन बंद-चालू करत बसतो.

कस्टमर केअरच्या भाषेचाही विचार करा. कर्नाटकातल्या नंबरवरून फोन लावला की बऱ्याचदा आधी कन्नड, इंग्रजी, हिंदी असे पर्याय येतात. घरात फक्त मराठी बोलणारी आजी-आई असेल तर रात्री दीड वाजता तिची तारांबळ उडते. त्यासाठी चार वाक्यं हिंदीत किंवा इंग्रजीत, पण देवनागरीत, कागदावर लिहून ठेवा: सिम चोरीला गेलंय, नंबर हा, नाव हे, जन्मतारीख ही, लगेच बंद करा आणि तक्रार क्रमांक द्या.

पैसे गेलेच तर?

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानं यात ग्राहकाला संरक्षण दिलंय. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये आलं. थोडक्यात नियम असा. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर. त्यापुढं बँकेच्या धोरणाप्रमाणं.

तक्रार झाल्यावर १० कामकाजी दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, ‘बँकेचा निरोप’ म्हणजे एसएमएस, आणि तो जातो चोरीला गेलेल्या फोनवर. दिवस मोजायला सुरुवात होते, तुम्हाला पत्ता नसतो. म्हणून बँकेचे निरोप ई-मेलवरही येतील अशी सोय आधीच करून घ्या. दुसरी, पिन कार्डावर लिहिला होता, पासवर्ड नोट्समध्ये होता असं निघालं, तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो. तरीही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातात त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक हाच तुमचा पुरावा. फोनवर नुसतं ‘हो हो, बंद केलं’ ऐकून ठेवू नका, क्रमांक घ्या.

पैसे गेल्याचं दिसताच घरच्यांनी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आठवड्यानं येणारा मेसेज

फोन गेला, सिम बंद झालं, बँक सुरक्षित, आता सगळं निवळलं असं वाटत असतानाच बेळगावात वडिलांच्या मोबाईलवर एक मेसेज येतो: तुमचा हरवलेला आयफोन सापडलाय, कुठं आहे ते बघायला या लिंकवर जा. लिंक उघडली की हुबेहूब अॅपलसारखं पान. त्यावर ई-मेल आणि पासवर्ड टाकायचा.

वडिलांचा नंबर त्यांना मिळाला कुठून? आपणच दिलेला असतो. ‘लॉस्ट’ चालू करताना ‘सापडल्यास या नंबरवर कळवा’ म्हणून घरचा नंबर टाकलेला असतो, आणि तो लॉक झालेल्या स्क्रीनवर दिसतो. लॉक असलेला फोन सुट्या भागांच्या भावानं जातो, उघडलेला पूर्ण किमतीला जातो. तो उघडायला पासवर्ड लागतो, म्हणून ही लिंक येते. लिंकनं काम झालं नाही तर धमकी येते: फोन तुमच्या खात्यातून काढून टाका, नाहीतर तुमचे फोटो बाहेर काढू.

उत्तर द्यायचं नाही, लिंक उघडायची नाही, आणि फोन आपल्या खात्यातून कधीच काढायचा नाही. फोनमधला मजकूर दुरून पुसता येतो, पुसला तरी लॉक राहतं. पण खात्यातून काढला की लॉकही गेलं. घरी या मेसेजची आधीच कल्पना दिलेली असेल तर वडील फसणार नाहीत. शक्य असेल तर स्क्रीनवर घरच्या नंबरऐवजी वेगळा ई-मेल द्या.

तिकीट, बस, व्हिसा

लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. फोनवरचं पेमेंट गेलं, कव्हरातलं कार्ड गेलं, तर खिशात पाउंड असूनही बसमध्ये चढता येत नाही. रोख पैसे देऊन भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर ऑयस्टर कार्ड घेता येतं. ते एक आधीच घेऊन, थोडे पैसे भरून, फोनपासून वेगळं ठेवलेलं बरं.

विद्यार्थ्यांचा आणि नोकरदारांचा ब्रिटनचा व्हिसा आता प्लास्टिक कार्डावर नसतो, तो ऑनलाइन ई-व्हिसा असतो. त्या खात्यात शिरताना मोबाईलवर किंवा ई-मेलवर कोड येतो. खात्याला फक्त मोबाईल जोडलेला असेल तर फोनबरोबर तेही अडकतं. ई-मेल जोडून ठेवा, आणि तो ई-मेल फोनशिवाय उघडता येतो का हे तपासा. गूगल आपल्या खात्यासाठी आठ अंकी १० बॅकअप कोड देतं. ते छापून सामानात ठेवले तर कुठल्याही संगणकावर ई-मेल उघडतो.

फोनबरोबर पासपोर्टही गेला असेल तर पोलिस तक्रारीचा क्रमांक घेऊन लंडनच्या ऑल्डविच भागातलं भारतीय उच्चायुक्त कार्यालय गाठायचं. नवा पासपोर्ट किंवा परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र तिथून मिळतं. नुसता फोन गेला असेल तर तिथं जाण्याची गरज नाही.

निघण्याआधी करायची कामं

भारतातल्या कार्डांवर परदेशातला वापर आधी चालू करावा लागतो, २०२० पासून हा नियम आहे. बँकेच्या अॅपमधून किंवा नेट बँकिंगमधून तो चालू करा आणि रोजची मर्यादा कमी ठेवा. दोन कार्डं न्या, एक जवळ, दुसरं खोलीतल्या बॅगेत. फोनवरच्या यूपीआयला खर्चापुरते पैसे असलेलं खातं जोडा. आयुष्यभराची बचत असलेलं खातं त्या फोनवर नको.

आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू करा. जानेवारी २०२४ पासून ही सोय आहे. ती चालू असली की नेहमीच्या जागेपासून दूर असताना नुसत्या पासकोडवर खात्याचा पासवर्ड बदलता येत नाही. चेहरा किंवा बोट लागतं आणि मध्ये तासभर थांबावं लागतं. अँड्रॉइडवर ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ चालू केलं की फोन झटक्यानं ओढला गेल्याचं ओळखून स्क्रीन आपोआप लॉक होते.

आणि एक कागद करा, दोन प्रतींत. एक जाणाऱ्याच्या पाकिटात, एक घरी कपाटात. घरच्या प्रतीवर एवढं हवं:

- फोनचा आयएमईआय (*#०६# डायल केलं की दिसतो)
- सिमची कंपनी, सर्कल, कुणाच्या नावावर, आणि ते बंद करायचा नंबर
- प्रत्येक बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर, कार्डाचे शेवटचे चार अंक
- फोन लॉक करायचं पान आणि ते कुणी उघडायचं त्याचं नाव
- तिथल्या घरमालकाचा, मित्राचा किंवा विद्यापीठाचा नंबर
- १९३०
- घरातल्या माणसांपुरता एक खुणेचा शब्द

जाणाऱ्याच्या प्रतीवर ००९१ सह घरचे दोन नंबर आणि बँकेचे +९१ चे नंबर पुरेत. पासवर्ड आणि पिन कुठल्याच प्रतीवर नकोत. आयफोनच्या खात्याचा पासवर्ड घरी एकाच माणसाला सांगून ठेवा.

खुणेचा शब्द कशासाठी? रात्री दीड वाजता अनोळखी नंबरवरून फोन येईल, आवाज घाबरलेला असेल, लाइन खरखरत असेल. असाच फोन फसवणारेही करतात. घरात पाळलेल्या मांजराचं नाव, आजोळच्या विहिरीचं नाव, काहीही चालेल. आधी तो शब्द विचारा. तो बरोबर आला की दिवा लावा, कपाटातला कागद काढा आणि पहिल्या कामापासून सुरुवात करा.